आमच्या कन्येचा ‘गौण’ विषय

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कुंभकोणम् येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह आमच्या घरी आले, तेव्हा तंजावरच्या भोसले राजांविषयी आम्ही चार शब्द बोलावेत अशी त्यांची इच्छा होती. विषय चांगला आहे, आणि या भागात राहणाऱ्या मराठी माणसाला तो कधी परका वाटत नाही. तथापि आम्ही त्यांच्याकडे विषय बदलून मागितला. ज्या विषयाने गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात वाद घातले, आमची झोप उडवली आणि शेवटी आम्हांला आमच्याच मातोश्रींसमोर मान खाली घालावयास लावली, त्याविषयीच आज बोलण्याचा आमचा मानस आहे. आम्ही केवळ बी.ए. आहोत, विद्वान नव्हे. तेव्हा हे व्याख्यान न मानता एका बापाचे निवेदन मानावे.

आमची कन्या महाराष्ट्रातील एका विद्यापीठात इतिहास विषय घेऊन पदवीचा अभ्यास करते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार मुख्य विषयाबरोबर आणखी एक विषय घ्यावा लागतो. त्याला कोणी ‘मायनर’ म्हणतात, कोणी ‘गौण विषय’. संगणक घ्यावा, निदान अर्थशास्त्र घ्यावे, असा आमचा आग्रह होता. तिने दूरध्वनीवरून कळविले, “बाबा, मी स्त्री-अभ्यास घेतला आहे.” आम्ही विचारले, “स्त्रियांचा काय अभ्यास करावयाचा? त्या घरोघरी आहेतच की!” ती हसली नाही. एवढेच म्हणाली, “म्हणूनच घेतला.”

आमचा विरोध मनातून गेला नव्हता. या विषयावर नोकरी कोण देणार, ही पहिली चिंता. मुलगी घरी येऊन भांडणे उकरून काढील, ही दुसरी. पहिल्या सत्रात तिच्या वाट्याला थट्टाही पुष्कळ आली. ‘हा विषय म्हणजे नवऱ्याशी भांडण्याची तयारी,’ असे वसतिगृहातील मैत्रिणी म्हणत. त्यातच तिची मराठी कुंभकोणमची. वाक्याच्या शेवटी तमिळ हेल येतो, म्हणून वर्गात हशा होई. ‘घरची भाषा बोलते म्हणून इथे हसतात, तिथे शाळेत तमिळ बोलताना हसत; मी नक्की कुठली?’ असे तिने एकदा लिहिले. दूरदेशी मुले वाढविणाऱ्या आपणां सर्वांना हा प्रश्न नवा नाही.

मग आम्ही तिची पुस्तके चाळू लागलो. आम्हांला वाटले होते की हे सारे परदेशातून आलेले फॅड असावे. प्रत्यक्षात पहिल्याच पानांवर ताराबाई शिंदे भेटल्या. बुलढाण्याच्या या बाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली, आणि त्याच वर्षी पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले. विद्यापीठीय विषय म्हणूनही याचे मूळ आपल्याकडेच आहे. भारतातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या समितीने १९७४ साली ‘समानतेकडे’ या नावाचा अहवाल सरकारला सादर केला. त्याच वर्षी मुंबईच्या श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचा संशोधन विभाग सुरू झाला. स्त्री-अभ्यासाची पहिली राष्ट्रीय परिषद १९८१ मध्ये भरली तीही याच विद्यापीठात, आणि १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अशी केंद्रे निघू लागली. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली लावलेल्या रोपट्याला हे फळ यावे यात नवल ते काय? आमचे अज्ञान आम्हीच फॅड समजत होतो.

पहिल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरी आली ती वही घेऊनच. आपल्या गावातील दबीर स्ट्रीटवरून आपण नित्य जातो. दबीर हे मराठी राज्यातील अधिकारपद, हे आम्ही तिला अभिमानाने सांगितले. तिने विचारले, “या रस्त्यावर राहणाऱ्या बायकांची काही माहिती आहे का?” आमच्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून ती तंजावरच्या इतिहासात एकच गोष्ट शोधू लागली.

तिच्या वहीतील काही गोष्टी आपणांसमोर ठेवतो. शिवाजीमहाराज आणि व्यंकोजीराजे या बंधूंमध्ये १६७७ नंतर जो तह झाला, त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांना बंगळूर, होसकोट आणि शिळेकोट हे मुलूख चोळीबांगडीसाठी दिले गेले. आम्ही शाळेत तह शिकलो. चोळीबांगडीचे कलम शिकलो नाही. पुढे १७३७-३८ च्या सुमारास सुजानबाईंनी तंजावरची गादी सांभाळली. राजांच्या यादीत त्यांचे नाव घाईघाईने येऊन जाते. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि कंपनी सरकारने राज्याबरोबर राजवाड्यातील खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. तेव्हा थोरल्या राणीसाहेब कामाक्षीबाई मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि तेथे जिंकल्या. १८५९ मध्ये विलायतेच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरविला. सरकारने राज्यसत्ता म्हणून केलेल्या कृत्याचा न्याय न्यायालयाला करता येत नाही, असे ठरविले. तरीही १८६२ साली सरकारला खाजगी मालमत्ता राण्यांना परत द्यावी लागली. पडद्यातील एका विधवेने कंपनी सरकारला कोर्टात उभे केले, ही हकीकत आमच्या कानांवर कन्येमुळे आली.

याच दरबाराच्या परिसरात त्र्यंबकयज्वा यांनी ‘स्त्रीधर्मपद्धति’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पत्नीने पहाटे उठल्यापासून काय करावे याचे त्यात तपशीलवार विधान आहे. आणि याच दरबारात प्रतापसिंहराजांच्या काळी मुद्दुपळनी या गणिकेने तेलुगूमध्ये ‘राधिकासांत्वनमु’ हे काव्य लिहिले. बंगळूर नागरत्नम्मांनी १९१० साली ते पुन्हा छापले, तेव्हा सरकारने अश्लील ठरवून त्यावर बंदी घातली. ती बंदी उठली १९४७ मध्ये. स्त्रीने कसे वागावे हे सांगणारा ग्रंथ, आणि स्त्रीने स्वतः काय म्हटले ते सांगणारा ग्रंथ, दोन्ही एकाच मातीतले. त्यांपैकी बंदी कोणत्यावर आली हे सांगावयास नकोच.

आता आपल्या कुंभकोणमचे सांगतो. सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ मध्ये येथला. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी त्यांनी केली. त्यांचे चुलतबंधू दिवाणबहादुर आर. रघुनाथराव हेही येथलेच. इंदूरची दिवाणगिरी करणारा हा मराठी गृहस्थ मद्रास इलाख्यातील विधवाविवाहाच्या चळवळीचा अध्वर्यू होता. शास्त्रार्थाला शास्त्रार्थानेच उत्तर देण्याइतके त्यांचे संस्कृत पक्के होते. १८८७ च्या डिसेंबरात मद्रासला राष्ट्रीय सामाजिक परिषद प्रथम भरली. तिच्या उभारणीत न्यायमूर्ती रानड्यांच्या खांद्याला खांदा लावून ते उभे होते. कन्येने या दोघांवर मोठ्या आदराने टिपण केले, परंतु शेवटी एक ओळ लिहिली: ‘सुधारकांच्या पदव्या सापडल्या, सनावळ्या सापडल्या, ज्या विधवांसाठी हे भांडले, त्यांच्यापैकी एकीचेही नाव मला अजून सापडले नाही.’ ती ओळ आम्हांला लागली.

तमिळ येत असल्याचा लाभही तिला तेथेच झाला. आपल्या पूर्वेला मायिलाडुतुरैजवळचे मूवलूर आपण जाणता. तेथल्या रामामिर्तम् अम्मैयार यांनी देवदासी प्रथेविरुद्ध १९३६ साली कादंबरी लिहिली. तमिळनाडू सरकारने २०२२ साली मुलींच्या उच्च शिक्षणासाठी जी योजना सुरू केली, तिला त्यांचेच नाव दिले. महाराष्ट्रातील वर्गात हे नाव कोणाला ठाऊक नव्हते. आमच्या कन्येने त्यांच्यावर निबंध वाचला आणि त्या दिवसापासून तिच्या हेलाला कोणी हसले नाही.

येथपर्यंत सारे ठीक होते. परक्याच्या घरातील इतिहास वाचताना कोणालाच त्रास होत नाही. दुसऱ्या वर्षी मात्र तिला प्रकल्प मिळाला: आपल्या कुटुंबातील एका वृद्ध स्त्रीच्या श्रमांची हकीकत तिच्याच शब्दांत नोंदवावी. तिने आजीला, म्हणजे आमच्या मातोश्रींना निवडले.

आमचे घराणे आपणांपैकी अनेकांप्रमाणे खानापूर तालुक्यातील. दुष्काळी मुलूख. गावोगावचे तरुण गलाईच्या धंद्यासाठी हिंदुस्थानभर पसरले, त्यांत आमचे वडीलही होते. ते या गावी आले, सराफकट्ट्याच्या मागे भट्टी टाकली आणि १९६७ साली आईला घेऊन आले. आम्ही येथेच जन्मलो. कावेरीकाठच्या ज्या शासकीय महाविद्यालयात एके काळी श्रीनिवास रामानुजन यांनी पाऊल ठेवले होते, तेथूनच आम्ही बी.ए. झालो आणि पुढे केंद्र सरकारच्या सेवेत लागलो.

सेवेतील आमची पुष्कळ वर्षे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या कामात गेली. घरोघर जाऊन प्रत्येक माणूस काय काम करतो हे विचारावयाचे आणि त्याचा सांकेतिक आकडा लिहावयाचा. ‘केवळ घरकाम’ याचा आकडा ९२. घरकामाबरोबर घरासाठी सरपण गोळा करणे, शिवणकाम, विणकाम असे काही असेल तर ९३. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी कन्येने आमच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, “बाबा, समजा साल १९८० आहे. तुम्ही पाहणीला या घरात आला आहात. आजीपुढे कोणता आकडा लिहाल?” आम्ही पेन उचलले आणि लिहिले, ९२. क्षणाचाही विचार केला नाही.

मग ती आजीकडे वळली. “आजी, तू तेव्हा काय काम करायचीस?”

मातोश्री म्हणाल्या, “काय न्हाय बाई. घरातच हुते की.”

आकडा आणि उत्तर तंतोतंत जुळले. आम्हांला समाधान वाटले. कन्येने पुढचा प्रश्न विचारला, “बरं, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचीस?” आणि ‘घरातच होते’ याचे वर्णन चार दिवस चालले.

गावाकडून धंदा शिकावयास आलेली पाच-सहा मुले आमच्या घरी राहत. त्यांचा दोन वेळचा स्वयंपाक, धुणे, दुखणे-खुपणे सारे आईकडे. त्यांच्या घरची पत्रे वाचून दाखवावयाची तीही चौथी शिकलेल्या आईनेच. तेजाबाचा धूर अंगणात आला की कपडे आत घ्यावयाचे, भट्टीचा कोळसा फोडून ठेवावयाचा. आणि मुख्य म्हणजे माती. सोनारांच्या दुकानांतील झाडलोटीची माती वडील विकत घेत. ती जाळून, कुटून, पाण्यात धूत राहिले की जड कण तळाशी बसतात. मग ते मुशीत घालून आटवावयाचे. हे धुण्याचे काम आई करीत असे. हाताला कणांचा भार कळला पाहिजे, नाहीतर सोने पाण्याबरोबर जाते. तो हात तिला होता. कुठल्या दुकानाची माती कसदार आणि कुठली रिकामी, हे ती चिमटीत घेऊन सांगे, आणि भाव वडील तिच्या मानेच्या इशाऱ्यावर ठरवीत. हे सारे आम्ही लहानपणी रोज पाहिले होते. डोळ्यांदेखत पाहिलेले काम आम्ही ९२ या आकड्यात घातले.

तिसऱ्या दिवशी कन्येने विचारले, “आजी, तुझे स्वतःचे असे पैसे होते का?” मातोश्री थोडा वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी जे सांगितले ते आम्ही छपन्न वर्षांत प्रथमच ऐकले. एकदा धुऊन टाकलेली माती अंगणाच्या कोपऱ्यात पडत असे. वडिलांशी त्यांचा ठराव होता की ती माती दुपारी, सगळे झोपल्यावर, त्यांनी पुन्हा धुवावी. त्यातून जे निघेल ते त्यांचे. त्या दुसऱ्या धुण्याच्या पैशातून त्यांनी १९७२ च्या दुष्काळात माहेरी मनिऑर्डरी पाठविल्या. आणि पुढे आम्ही महाविद्यालयात जावयाचे ठरविले तेव्हा वडील म्हणाले होते, “हा शिकायला गेला तर भट्टीवर एक हात कमी. त्या जागी पोरगा ठेवायचा तर पगार कोण देणार?” तो पगार तीन वर्षे मातोश्रींनी दिला.

सभ्य श्रोतेहो, आमच्या नावापुढे बी.ए. ही अक्षरे आहेत. सरकारी नोकरी त्या अक्षरांवर मिळाली. त्या नोकरीत बसून आम्ही वर्षानुवर्षे बायकांपुढे ९२ लिहीत आलो. आणि ती अक्षरे विकत घेतली होती ती ९२ या आकड्यातल्याच एका बाईने.

येथे एक खुलासा केला पाहिजे. दोष आकड्याचा नाही. या दोन आकड्यांखाली येणाऱ्या स्त्रियांना रोजगाराच्या मोठ्या पाहण्यांत आणखी प्रश्न विचारण्याची तरतूद पुष्कळ वर्षांपासून होती. परसबाग, कोंबड्या, शिवण यांविषयी रकाने होते. दोष आमचा. उन्हात दारात उभे राहून आम्ही पुरुषाला विचारीत असू, “मंडळी काय करतात?” तो म्हणे, “घरीच असतात,” आणि आम्ही पुढच्या घरी जात असू. बाईला विचारले तरी ती तेच सांगे, हे आता आम्हांला कळले आहे. म्हणून प्रश्न ‘काय काम करता’ असा नसावा, ‘सकाळपासून काय केले’ असा असावा. सरकारलाही हे उमगलेले आहे. दिवसाचा वेळ कसा जातो याची प्राथमिक पाहणी १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत झाली, त्यांत तमिळनाडू होते. २०१९ च्या देशव्यापी पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाची सरासरी २९९ मिनिटे विनावेतन घरकामात जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ असे आले. स्त्रियांचे ओझे पाच वर्षांत दहा मिनिटांनी उतरले. पण ती मिनिटे पुरुषांनी उचलली नाहीत, त्यांचीही नऊ कमीच झाली.

कन्येचा प्रकल्प मात्र सुरळीत पार पडला नाही. पहिला मसुदा तिने मोठ्या आवेशाने लिहिला. आजीला शोषित, पीडित अशी विशेषणे लावली आणि तिची बोली ‘शुद्ध’ करून टाकली. प्राध्यापिकेने तो परत केला. ‘ही भाषा तुझ्या आजीची नाही, तुझ्या पाठ्यपुस्तकाची आहे,’ असा शेरा होता. घरी तो मसुदा वाचून दाखविला तेव्हा मातोश्रीही रागावल्या. “मी काय बिचारी हुते का? माती माझ्यासारखी धुनारी सगळ्या कट्ट्यावर न्हवती!” कन्येने सारे पुन्हा लिहिले. आजीचे दुःखही ठेवले आणि तिचा ताठाही ठेवला. आमच्या मते या विषयाने तिला शिकविलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, की दुसऱ्याची हकीकत सांगताना आपले म्हणणे त्याच्या तोंडी घालू नये. जो धडा आम्हांला खेड्यापाड्यांतून हिंडूनही आला नाही, तो तिला दुसऱ्या वर्षी मिळाला.

नोकरीची चिंता आम्हांला अजूनही आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. कन्येच्या काही मतांशी आमचे जमत नाही. जेवताना आवाज चढतात. परंतु हा विषय गौण आहे असे आता आम्ही म्हणत नाही. टाकून दिलेली माती पुन्हा धुणे, हेच त्या विषयाचे काम. त्यात सोने निघते, हे आमच्या घराण्याला तरी वेगळे पटवून द्यावयास नको.

आता एक विनंती करून आवरते घेतो. मंडळाची पहिली बैठक झाली ती आमच्या घराच्या ओसरीवर. या स्मरणिकेत संस्थापकांची यादी आहे. त्यांत आमच्या वडिलांचे नाव आहे आणि एकाही स्त्रीचे नाही. पहिल्या गणेशोत्सवाच्या पुरणपोळ्या कोणी लाटल्या, परप्रांतात पोरांना मराठी अक्षरे कोणी गिरवून दिली, हे सांगणाऱ्या स्त्रिया आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसलेल्या आहेत. त्यांची वये पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहेत. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षात मंडळाच्या तरुण मुलामुलींनी त्यांच्याजवळ बसावे, ‘सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करायचात’ एवढेच विचारावे आणि त्या सांगतील ते त्यांच्याच बोलीत उतरून घ्यावे. पुढच्या स्मरणिकेत ती पाने असावीत. निवृत्तीला आमचे थोडेच दिवस उरले आहेत. या कामी वही घेऊन हिंडण्यास आम्ही स्वतः तयार आहोत, आणि या खेपेस आकडे लिहिणार नाही.

मातोश्रींच्या अनुमतीशिवाय हे भाषण करणे उचित नव्हते. काल रात्री आम्ही त्यांना विचारले, “आई, उद्या सभेत तुझी हकीकत सांगू का?” त्या म्हणाल्या, “सांग की. पर मी घरातच हुते म्हनून सांगू नगंस.”

ती आज्ञा आम्ही पाळली आहे.